एक जोर, एक इडियम

"टू कट अ लाँग स्टोरी शॉर्ट, सर, इट वॉज टच अँड गो, बट अगेन्स्ट ऑल ऑड्स द ब्लू रेसलर टर्न्ड द टेबल्स."

एका दमात म्हटलं मी. कुठं अडखळले नाही, मध्ये श्वासही घेतला नाही. आणि म्हणून झाल्यावर अशी काही ताठ बसले की विचारू नका. असलं वाक्य आमच्या अख्ख्या गडहिंग्लज तालुक्यात कुणाच्या तोंडून निघालं नसणार याची मला बालंबाल खात्री होती.

दिल्लीतल्या एका मोठ्या स्टेडियममधली ती बाजूची खोली. टेबलापलीकडं तिघं बसलेले. मधला माणूस मुख्य परीक्षक, नाव तमाझ. धिप्पाड, गोरापान, निळ्या डोळ्यांचा, आणि दोन्ही कान चुरगळून त्यांच्या गाठी झालेल्या. ते कान बघितल्याबरोबर मी ओळखलं की ह्या माणसानं जन्मभर कुस्ती केलीय. पैलवान कानावरून ओळखावा, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि एवढा गोरा म्हणजे इंग्रजी त्याच्या घरचीच, हे काय कुणाला विचारायला पाहिजे होतं? मला तरी तशी गरज वाटली नाही.

त्यानं पडद्यावर एका कुस्तीचा तुकडा दाखवला होता. लाल कपड्यातली मुलगी अंगावर जाते, निळी निसटते, उलटून लालला खाली घेते. तू पंच असतीस तर काय केलं असतंस, एवढंच त्यानं विचारलं होतं. त्यावर मी ते वाक्य फेकलं, म्हणजे अटीतटीत निळीनं डाव उलटवला, एवढंच.

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग मला म्हणाला, "अगेन, प्लीज."

मला वाटलं, आवडलं वाटतं साहेबांना. मग काय, मला चेवच चढला. तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि वरून भर घातली, बाय द स्किन ऑफ हर टीथ. थोडक्यात वाचली म्हणा की. त्याच्यावर आणखी एक, ॲट द एंड ऑफ द डे, म्हणजे शेवटी काय तर. तमाझ साहेबांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "थँक यू. नेक्स्ट."

दारापर्यंत मी हवेत तरंगत गेले. टेबलाच्या कडेला बसलेल्या रेणू दहिया मॅडम, दिल्लीच्याच जुन्या पंच, माझ्या मागोमाग उठून दाराशी आल्या. त्यांनी हिंदीत हळूच विचारलं, की बाई, ते सगळं ठीक आहे, पण गुण नेमके कुणाला द्यायचे होते आणि किती?

पायाखालची जमीन सरकली हो माझ्या. तोंडभरून एवढं बोलले, पण गुणांचं सांगितलंच नव्हतं. निळीला दोन. एवढंच उत्तर होतं.

आता ही परीक्षा कसली ते सांगते. कुस्तीतल्या आंतरराष्ट्रीय पंचाची. अशी परीक्षा बहुतेक वेळा कुठल्या तरी लांबच्या देशात व्हायची. त्या वर्षी ती दिल्लीत आली होती, आणि पुन्हा आपल्याकडं कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सकाळी आधी धावण्याची चाचणी, मग तोंडी, दुपारी प्रत्यक्ष गादीवर, आणि बोलणं सगळं इंग्रजीत. मी वैजयंता चौगुले, राष्ट्रीय स्पर्धेतली पदकवाली, आणि त्याच्या आदल्या वर्षी उजवा गुडघा फिरवून बसलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाल, पळ, सगळं कर, पण कुस्ती विसर. आता तुम्हीच सांगा, ज्या पोरीला कुस्तीपलीकडं काही येत नाही तिनं काय विसरायचं? गादीवर पाय ठेवायची एकच वाट उरली होती, तोंडात शिट्टी धरून. ती गेली की मी प्रेक्षकात.

इंग्रजीशी माझं वैर शाळेपासूनचं. म्हणून आमच्या तालमीच्या शिदगोंडा वस्तादांनी मला गडहिंग्लजला आवळे सरांकडं धाडलं. रसवंतीगृहाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा वर्ग, खाली घुंगरं वाजतायत आणि वर इंग्रजी चाललंय. आवळे सर पूर्वी पुण्यात एका परदेशी कंपनीसाठी फोनवर बोलायचे. दिवसभर कानाला यंत्र लावून साता समुद्रापलीकडच्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. पुस्तकी इंग्रजी बोललं की पलीकडचा माणूस म्हणायचा, मला कुणीतरी इंग्रजी येणारा माणूस द्या. हे सरांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. म्हणून त्यांचा सिद्धांत ठरलेला. इडियम म्हणजे वाक्प्रचार, आणि फ्रेजल व्हर्ब म्हणजे शेपूट लावलेली क्रियापदं, ह्या दोन गोष्टी आल्या की गोऱ्याला तुम्ही त्याच्या आळीतले वाटता. त्याशिवाय इंग्रजी म्हणजे रश्श्याशिवाय मटण.

मला हे एकदम पटलं. पटणारच, कारण ते ऐकताना मला तालीम दिसत होती. डाव जितके जास्त तितका पैलवान भारी. मी दुसऱ्या दिवसापासून मेहनत सुरू केली, आणि मेहनत म्हणजे आमच्या पद्धतीची. गुडघ्यामुळं बैठका बंद होत्या, पण जोर चालत होते. एक जोर, एक इडियम. खाली जाताना इंग्रजी, वर येताना मराठी. अंडर द वेदर, तब्येत बरी नाही. बाइट द बुलेट, गपगुमान सोस. वन्स इन अ ब्लू मून, क्वचित कधीतरी. तालमीतली पोरं आधी फिदीफिदी हसली, मग त्यांनाही पाठ झाले. एक पठ्ठ्या तर हरल्यावर वस्तादांना पीस ऑफ केक, म्हणजे अगदीच सोपं होतं, असं म्हणाला आणि त्यांच्या हातची एक थप्पड खाऊन बसला.

फ्रेजल व्हर्बचं मात्र माझं जमेना. इडियमचं कसं, लांबलचक असतो, एकदा पाठ झाला की झाला. ही फ्रेजल व्हर्ब म्हणजे चिमुकली, सगळी सारख्या तोंडाची. गिव्ह इन, गिव्ह अप, गिव्ह अवे. पुट ऑन, पुट ऑफ, पुट अप विथ. क्रियापद एक आणि शेपूट बदललं की सगळं बदललं. ती माझ्या डोक्यातून पाऱ्यासारखी निसटायची. सर म्हणाले, राहू दे, तू इडियमवर जोर दे, परीक्षक गार पडला पाहिजे.

सरांचा आणखी एक नियम होता. आज शिकलेला इडियम संध्याकाळच्या आत बाजारात कुणावर तरी वापरायचा. मी काय मागं हटते? कंडक्टरवर वापरला, शिंप्यावर वापरला. मिरच्या विकणाऱ्या आज्जीला म्हटलं, धिस विल कॉस्ट मी ॲन आर्म अँड अ लेग, म्हणजे फार महाग पडतंय. तिनं आधी मला खालीवर बघितलं, मग शेजारणीला म्हणाली, गुडघ्याचं दुखणं पोरीच्या डोक्यात गेलं गं. आणि मला एक मूठ मिरच्या फुकट दिल्या.

दिल्लीला निघायच्या आदल्या दिवशी वस्तादांच्या पाया पडायला गेले. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, पण माझा उत्साह बघून त्यांचं तोंड जरा गंभीर झालं. म्हणाले, "वैजे, सलामी झडली की लगेच डाव टाकायची तुझी खोड मोडली नाही अजून. आधी हातात हात दे. समोरच्याचं बळ कुठं आहे, हाताला कळतंय. मग काय टाकायचं ते टाक."

मी होय होय म्हटलं. कान होता त्यांच्याकडं, पण मनात इडियमची उजळणी चालू होती. ऐकून न ऐकल्यासारखं झालं, दुसरं काय.

तर अशी सगळी तयारी करून मी दिल्लीला गेले होते, आणि सलामीलाच सगळे डाव टाकून रिकामी झाले होते. तोंडी परीक्षा गेल्यातच जमा होती. दुपारच्या कुस्तीवर आता सगळा हवाला.

जेवायच्या सुट्टीत चहाच्या टपरीकडं गेले. तिथं तमाझ साहेब उभे. त्यांना चहा हवा होता, पण बिनसाखरेचा. चहावाल्या पोऱ्याला म्हणत होते, "टी. शुगर, नो. नो शुगर. गिव्ह." पोऱ्या हसून साखरेचा डबा पुढं करत होता. साहेब दोन्ही हात हलवत होते. शेवटी त्यांनी डोकं धरलं आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटले. ती भाषा इंग्रजी नव्हती, एवढं मलाही कळलं.

मी पुढं होऊन हिंदीत पोऱ्याला समजावलं, चहा मिळाला. साहेब खूश झाले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "जॉर्जिया." मग दोन्ही हातांनी हवेत ढोल वाजवून दाखवला, आणि कुस्तीत मारतात तसा खांदा पुढं काढला. त्यांच्या देशातही मैदानात वाद्यं वाजतात आणि त्याच्या तालावर कुस्ती होते, असं ते सांगत होते. हे सगळं सांगायला त्यांना इंग्रजी शब्द लागले तीन, बाकी सगळे हात.

अगं बाई. ह्या माणसाला माझ्याएवढंच इंग्रजी येत होतं. कदाचित कमीच. सकाळी मी त्याला टच अँड गो म्हटलं, टर्न्ड द टेबल्स म्हटलं, आणि वर पुन्हा म्हण म्हटल्यावर आणखी दोन फेकून मारले. बिचारा काय गार पडला असेल. मला हसू येत होतं आणि स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटत होतं, दोन्ही एकदम. कातडी गोरी बघितली आणि समजले इंग्रज. कान बघून पैलवान ओळखणारी मी, पण पैलवानाच्या हातात हात द्यायचा विसरले. वस्ताद काय म्हणाले होते ते तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं.

पण कळलं म्हणून काय झालं? सोपं बोल म्हटलं तर ते सोपं होतं कुठं माझ्याजवळ? लांबलांब इडियम तोंडपाठ होते. रोजच्या वापरातलं चिमुकलं इंग्रजी, ते तर मी राहू दिलं होतं. दुपारची घंटा वाजली आणि मी मनातल्या मनात रेड, ब्लू, वन, टू घोकायला लागले.

एका हाताला लाल पट्टा, दुसऱ्याला निळा, तोंडात शिट्टी. गादीवर पाय ठेवला आणि मात्र बघा, जादू झाली. घोकणं थांबलं. समोर हरयाणाच्या वसतिगृहातल्या दोन तयारीच्या मुली, एक लाल, एक निळी. कडेला उंच टेबलावर तमाझ साहेब. पंचानं दिलेला गुण मान्य करायचा की नाही, हे त्यांच्या हातात. शिट्टी फुंकली आणि मुली भिडल्या. काय भिडल्या म्हणून सांगू. मी त्यांच्याभोवती फिरत होते, वाकत होते, गादीला गाल लावून बघत होते. कितीतरी दिवसांनी मला मी सापडत होते.

कुस्ती शेवटाला आली. गुण सारखे. आणि तेवढ्यात गादीच्या कडेला, तमाझ साहेबांच्या टेबलाकडं पाठ करून, लाल मुलीनं निळीचा दंड खेचला, वळली आणि तिला खांद्यावरून फेकायला घेतलं. आमच्याकडं ह्याला धोबीपछाड म्हणतात, धोबी कपडा आपटतो तसं. दोघी धाडकन पडल्या. साहेबांनी बसल्या जागेवरून बोटं वर केली. लालला चार.

मी मात्र निळीला दोन दिले होते.

बाकीचे परीक्षार्थी माना उंच करून बघायला लागले. मुख्य परीक्षक एक म्हणतोय आणि परीक्षा देणारी दुसरंच म्हणतेय. मागं बसलेला कुणीतरी हिंदीत म्हणाला, मान डोलव बाई आणि मोकळी हो. खरं सांगते, माझ्याही मनात ते आलं. सकाळी तोंडावर आपटलेय, आता ह्यांच्याशी वाद घालून उरलंसुरलं घालवायचं का? पण मी बघितलं होतं. अगदी हातभर अंतरावरून बघितलं होतं. लालची पकड वळता वळता सुटली होती. निळीनं तिच्या मानेची मिठी सोडली नव्हती, आणि तिनंच लालला मागं ओढून खाली घेतलं होतं. निळीच्या कष्टाचं फळ लालला कसं देऊ? पंच झाले तरी हेच करायचं असेल तर शिट्टी कशाला पाहिजे मला?

मी मान हलवली. नाही.

तमाझ साहेब टेबलावरून उतरले, कोट घातलेलेच गादीवर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "व्हाय?" म्हणाले. "टेल."

मी तोंड उघडलं. काय सांगू तुम्हाला, अगेन्स्ट ऑल ऑड्स अगदी जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. त्याच्या मागं सगळी पलटण. मी तोंड मिटलं. मग वाकून गादीला हात लावला, कपाळाला लावला, आणि सरळ साहेबांचं मनगट धरलं.

रेणू मॅडम खुर्चीतून उठल्याच. परीक्षकाला हात लावायचा, हे कुठल्याच देशात चालत नसणार. पण साहेबांच्या मनगटात काय झालं ते मला कळलं. पैलवानाचं मनगट पकडलं की ते आपोआप जागं होतं. त्यांचं झालं.

"यू, रेड," मी म्हटलं. "आय, ब्लू." त्यांचा हात ओढून माझ्या दंडावर ठेवला. "रेड पुल्स ब्लू इन."

साहेबांनी खेचलं. जोरात खेचलं हो, वय झालं होतं तरी. मी त्यांच्या मानेला मिठी मारली. "ब्लू हँग्ज ऑन."

"यस," साहेब म्हणाले. "अँड रेड थ्रो." आणि खरोखरच वळले, खांदा माझ्या काखेत घातला.

"नो, सर. नाउ रेड लेट्स गो." मी त्यांची बोटं माझ्या दंडावरून उचलली. "ब्लू डझ नॉट लेट गो. ब्लू हँग्ज ऑन."

हे बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं. पुल इन, हँग ऑन, लेट गो, ही तीच चिमुकली, जी माझ्या डोक्यातून निसटत होती. आता त्यातलं एकही डोक्यात शोधावं लागत नव्हतं. हात जिकडं जाईल तिकडं ते येत होतं. धरायचं तेच, पण आत ओढून धरलं की एक, लटकून धरलं की दुसरं. शेपूट बदललं की डाव बदलतो, एवढंच तर होतं. जन्मभर मी तेच केलं होतं.

साहेबांना वाटलं, बघूया तर खरं. त्यांनी पुन्हा वळून डाव लावला आणि लाल मुलीसारखी मध्येच पकड सोडली. मी मानेला लटकलेली. त्यांचं डोकं मागं आलं, पाठ मागं कलली, तोल चालला. "रेड गोज डाउन, सर," मी त्यांच्या त्या चुरगळलेल्या कानात म्हटलं. "ब्लू ब्रिंग्ज हर डाउन."

"आ," ते म्हणाले. नुसतं आ. पण त्या एका आवाजात सगळं कळल्याचं मला कळलं.

आणि नेमका त्याच वेळी माझा गुडघा फिरला.

उजवा. वजन त्याच्यावर आलं आणि आतून कट असा आवाज. ती कळ माझ्या ओळखीची होती. पाय खालून गेलाच. सगळ्यांसमोर मी आता पडणार, परीक्षेच्या गादीवर, शिट्टी गळ्यात असताना. असली पंच कोण ठेवून घेणार? हे सगळं डोक्यात एका झटक्यात आलं.

पडले नाही. माझ्या पाठीमागून एक हात आला आणि कमरेशी घट्ट बसला. दुसरा कोपराखाली. तमाझ साहेब कलले होते तिथून कसे सावरले, त्यांनाच ठाऊक. तोंड माझ्या जवळ आणून, बाकी कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "आय हॅव गॉट यू."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते सभागृहाकडं बघत होते. तसेच मला धरून ते सरळ झाले, टेबलाकडं बघून लालचे चार खोडायची खूण केली, निळीला दोन दिले. आणि मग माझा पाय जमिनीवर नीट टेकेपर्यंत थांबून, जिंकलेल्या पैलवानाचा करतात तसा, माझा हात वर केला. लोकांना वाटलं, साहेबांनी गंमत केली. टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. रेणू मॅडम हसायला लागल्या. मी पडणार होते हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. गुडघा मोडल्यापासून माझा हात कुणी वर केला नव्हता. डोळ्यातलं पाणी पुसायला दुसरा हात होता, तो मी वापरला.

संध्याकाळी निकाल वाचून दाखवला. तोंडी परीक्षेत मी काठावर, प्रत्यक्षमध्ये सगळ्यांच्या वर. पास. परवाना. मी ओरडले नाही, उड्या मारल्या नाहीत, गुडघ्याला बर्फ बांधला होता. नुसती खुर्चीची कड दाबून धरली.

मुद्दाम साहेबांकडं जाऊन विचारलं, की माझा गुडघा तुम्ही बघितला, तरी पास? रेणू मॅडमनी मध्ये बसून इकडचं तिकडं केलं. साहेबांचं म्हणणं असं, की सकाळी धावण्याच्या चाचणीत ही सगळ्यांबरोबर धावली, कुस्तीत गादीभर फिरली, पंचाला आणखी काय लागतं? परीक्षकाला मिठी मारून लटकायचं कलम आमच्या नियमात नाही. मग माझ्याकडं वळून स्वतःच म्हणाले, "मॉर्निंग, आय अंडरस्टँड नथिंग. नाउ, एव्हरीथिंग." आणि हळूच, पोरानं गोळी मागावी तसं विचारलं, की सकाळी ते टेबल टेबल काय म्हणत होतीस? मी त्यांना टर्न द टेबल्स शिकवलं. हातानं, कशी खालची वर येते आणि वरची खाली जाते ते दाखवून. इतके खूश झाले, की समारोपाच्या भाषणात भलत्याच ठिकाणी घातलं आणि वर सगळ्यांकडं ऐटीत बघितलं.

आवळे सरांना फोन लावला. घुंगरांचा आवाज येत होता, म्हणजे वर्गातच होते. पास म्हटल्यावर ते जे ओरडले ते खाली रसवंतीपर्यंत गेलं असणार. मग श्वास न घेता विचारलं, "कुठला चालला गं? टर्न्ड द टेबल्स चालला ना? मी म्हटलं होतं तुला."

मी त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. परीक्षकाला इडियममधलं ओ की ठो कळलं नाही, चहासुद्धा मागता येत नव्हता, आणि शेवटी मला तारलं ते त्यांनी राहू दे म्हटलेल्या चिमुकल्यांनी. सर हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. मग मी गुडघ्याचं सांगितलं, आणि साहेब कानाशी काय म्हणाले तेही.

सरांनी वर्गातल्या पोरांना खाली रस प्यायला पाठवल्याचं मला ऐकू आलं.

"इतकी वर्षं फोनवर बोललो मी त्या लोकांशी," सर म्हणाले. "हे कुणी मला म्हटलं नाही." मग जरा खाकरले. "अर्थ कळला तुला त्याचा? मी शिकवलं नव्हतं."

"कळला, सर. धरलंय तुला, पडू देणार नाही."

"मग तू काय उत्तर दिलंस?"

लहानपणापासून मला एकच गोष्ट शिकवलेली, कुणी धरलं की सुटायचं. मनगट धरलं तर सुटायचं, कंबर धरली तर सुटायचं. गुडघा मोडल्यावर आईनं जिन्यात धरलं तर तिचाही हात मी झटकला होता, वस्तादांचाही.

"उत्तर नाही दिलं, सर," मी म्हटलं. "पण सुटायला पण बघितलं नाही."